तासाभराचा गाळ

सकाळी साडेनऊला रुक्माजी केळुसकरांचं रक्त
मी काचेच्या नळीत उभं केलं.
आता तासभर हात लावायचा नाही.
तांबड्या पेशी आपोआप खाली बसत जातात,
ओहोटीला खाडीतला गाळ बसतो तशा,
वर उरतं पिवळसर निवळ पाणी.
अंगात जाळ असला की गाळ लवकर बसतो.
निवळ जितकं जास्त तितकं वाईट:
वेंगुर्ल्याच्या माणसाला हे पटवणं कठीण.

बाकड्यावर केळुसकर, मुठी मिटून.
मिटून म्हणजे, उघडतच नाहीत.
चाळीस वर्षं जाळी शिवली या बोटांनी,
सांधे आता कुर्लीच्या डेंग्यांसारखे फुगलेत.
"गाठ माका दिसता, बाय,
पण बोटां आयकनत नाय."

डिसेंबरात डॉक्टर कुडतरकरांनी विचारलं होतं,
घरात तेल कुठलं?
पिशवीतलं. पाच माणसांना महिन्याला सात पिशव्या.
आणि मासे?
केळुसकर हसले.
"मासे विकूक. खावक धक्क्यावरचो वडो."

दुपारी डबा खाताना डॉक्टरांनी मला
केसपेपरच्या पाठीवर काढून दाखवलं:
शरीराला धक्का एकच, असं समज,
आणि दोन होड्या तिथेच लागायला बघतात.
एकीत पिशवीतल्या तेलाचा माल.
तो उतरला की सूज, ठणका, आग.
तोही हवा असतो गं,
त्याच्याशिवाय जखमेकडे कोण धावेल?
दुसरीत बांगड्याची, पेडव्याची चरबी.
तिच्यातून उतरतात मवाळ बोलणारे,
आणि एकदोघे असे, ज्यांचं काम एवढंच,
की भांडण मिटलं, आता आपापल्या घरी जा, म्हणून सांगत फिरायचं.
अडचण गर्दीची आहे.
पहिल्या शंभर होड्या लागून राहिल्या
की दुसरी बाहेर नांगर टाकून बसते.
कागदाला चटणीचा डाग पडला.
मी तो अजून ठेवलाय.

मेडिकलमधून त्यांनी एक बाटली नेली,
साठ गोळ्या, सहाशे चाळीस रुपये,
मधाच्या रंगाच्या, आरपार दिसणाऱ्या.
एक दाताने फोडून वास घेतला
आणि दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन माझ्याकडेच आले.
"ह्यो वास माझ्या वळखीचो आसा."
त्यांच्या लहानपणी बायका वाळूत हंडे मांडून पेडवे उकडायच्या,
वर आलेलं तेल करवंटीने काढायच्या.
बाप ते तेल होडीला चोपडायचा, आतून बाहेरून.
आठ दिवस वाडीत नाक धरून जेवण.
पण लाकडाला कीड नाही, लाकूड पाणी पीत नाही.
"लाकडाक तेवाच कळला," म्हणाले,
"माका साठ वर्सां लागली."

आता पेडवे ट्रकात भरून जातात,
कुठेतरी दळले जातात, कोंबड्यांसाठी.

बाटली संपल्यावर दुसरी घेतली नाही.
त्यांची बायको सत्यवती लिलावातून येताना
रोज वाडगाभर पेडवे पदराआड घरी आणू लागली,
विकायच्या टोपलीतून, म्हणजे स्वतःच्याच मालातून चोरून.
तिरफळं घालून तिखलं. तळण बंद.
रविवारची पिवळी गोळीही चालू आहे,
डॉक्टरांनी ती सोडू दिलेली नाही.

साडेदहा.
मी डोळा नळीच्या रेषेत आणते.
डिसेंबरात चौसष्ट. आज एक्केचाळीस.
गोळीमुळे की पेडव्यामुळे,
रजिस्टरात तसा रकाना नाही.
मी आकडा लिहिते आणि मोठ्याने वाचते.

केळुसकर उजवी मूठ उघडून बघतात.
उघडते, अंगठ्याजवळ जरा अडते.
भिंतीवरच्या कॅलेंडराकडे त्यांची नजर जाते, मे संपत आलाय.
"एक जूनपासून दर्या बंद.
मगे श्रावण. मगे गणपती.
तवसर ह्या नळयेक कोण समजावतलो?"

मी नळी धुवायला टाकते.
नळाखाली तांबडं पाणी हळूहळू फिकट होतं.